जे दाबायचं, टेप लावायची आणि गप्प बसायचं

तुम्ही विचारलंय की लहानपणी घरी पहिला कॉम्प्युटर कोणता होता, त्यावर कोणते खेळ खेळायचात आणि ते आज पुन्हा खेळता येतात का.

आमच्याकडे झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस होता. इचलकरंजीत, १९८६ च्या दिवाळीपासून. खेळांची नावं सांगतोच, पण आधी टेपरेकॉर्डरबद्दल आणि आमच्या आण्णांबद्दल सांगायला हवं. त्यांच्याशिवाय त्या यंत्रावर एकही खेळ चालला नसता.

मामा बोटीवर फिटर होता. इंग्लंडची फेरी करून आला तेव्हा त्याने हा खोका आणला. फूटभर लांब, वीतभर रुंद, काळा. आत ४८ के, म्हणजे ४८ किलोबाइट, मेमरी आणि साडेतीन मेगाहर्ट्झवर चालणारा झेड-८० प्रोसेसर. सोबत स्वतःचा पडदा नाही की डिस्क नाही. पडद्याच्या जागी घरचा टीव्ही आणि डिस्कच्या जागी घरचा टेपरेकॉर्डर जोडायचा. सिंक्लेअर कंपनीने १९८२ मध्ये मूळ स्पेक्ट्रम काढला तेव्हापासून हीच रीत होती. लोकांच्या घरात जे आहे तेच वापरायचं आणि किंमत खाली ठेवायची. १६ केचं पहिलं मॉडेल तिकडे १२५ पौंडांना मिळायचं. प्लस हे १९८४ मधलं रूप. आतून यंत्र तेच, फक्त रबरी बटणांच्या जागी कडक बटणं आणि डाव्या बाजूला एक रिसेटचं बटण.

प्लगच्या पिना चौकोनी होत्या. आण्णांनी पहिल्या दिवशीच तो कापून आपला गोल पिनांचा बसवला. मामाचा चेहरा पडला होता, पण दुसरा इलाज नव्हता.

मग टीव्हीवर काही दिसेना. दोन दिवस नुसत्या मुंग्या. स्पेक्ट्रम आपलं चित्र यूएचएफच्या ३६ नंबरच्या चॅनेलवर पाठवायचा आणि आमच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीचा खटका १२ वर संपायचा. म्हणजे यंत्र बोलत होतं, पण टीव्हीला ते ऐकूच येत नव्हतं. हे कळलं ते गल्लीतल्या टीव्ही मेकॅनिककडे गेल्यावर. त्याने एका बंद पडलेल्या व्हिडिओ गेममधली मॉड्युलेटरची, म्हणजे टीव्हीच्या चॅनेलवर चित्र पाठवणारी, पत्र्याची डबी काढली, स्पेक्ट्रममधल्या डबीच्या जागी बसवली आणि खटका ४ वर फिरवला. पांढऱ्या पडद्यावर खाली एकच ओळ उमटली, सिंक्लेअर रिसर्च, १९८२. दुकानातली चार माणसं उठून पुढे आली. मेकॅनिकने पैसे घेतले नाहीत. म्हणाला, खेळ लागला की एकदा मला दाखवायला आणा.

आता टेप. नवीन पिढीला हे सांगितलं की खरं वाटत नाही. खेळ कॅसेटवर असायचा, गाण्याच्या कॅसेटसारख्याच कॅसेटवर. इंग्रजी ‘जे’चं बटण दाबलं की पडद्यावर एकदम लोड हा अख्खा शब्द यायचा, कारण स्पेक्ट्रमवर बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेचे शब्द टाइप करायचे नसत, एकेका बटणाला एकेक शब्द बांधलेला असे. पुढे दोन अवतरणचिन्हं, मग एंटर, आणि टेपवर प्ले. आधी पाचेक सेकंद एकसुरी शिट्टी. तेव्हा पडद्याच्या कडेला रुंद पट्टे सरकायचे. मग एक छोटा ‘खर्र’, त्यात फक्त खेळाचं नाव आणि मापं. पुन्हा शिट्टी आणि मग खरा माल. ती खरखर आणि कडेला नाचणारे बारीक पट्टे चार-पाच मिनिटं चालायचे. तोवर हलायचं नाही, टेबलाला धक्का लावायचा नाही, बोलायचं सुद्धा नाही. बोलण्याने काही बिघडत नव्हतं, पण आम्ही भावंडं बोलायचो नाही.

त्या खरखरीत काय असतं ते मला कॉलेजात गेल्यावर समजलं. शून्यासाठी एक आखूड लाट, एकासाठी तिच्या दुप्पट लांबीची लाट. बस, एवढंच. सेकंदाला साधारण दीड हजार शून्य-एक कानावरून जायचे. सगळ्यात शेवटी एक पडताळ्याचा बाइट. तो जुळला नाही की पडद्यावर ‘आर टेप लोडिंग एरर’. म्हणजे एवढी मिनिटं वाया, कॅसेट मागे फिरवा आणि पुन्हा जे.

पहिला महिनाभर आम्हाला हा एररच दिसत होता. मामाने सोबत दिलेली ‘चेकर्ड फ्लॅग’ ही मोटारींच्या शर्यतीची विकतची कॅसेट दहातून एकदा लागायची. त्याच्या एका मित्राने मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून, पाठवलेल्या कॉपी केलेल्या कॅसेटी तर एकदाही लागल्या नव्हत्या.

आमचे आण्णा चोवीस मागांच्या एका कारखान्यात जॉबर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, जॉबर म्हणजे माग बिघडला की तो लावून देणारा माणूस. इचलकरंजीतल्या मागाच्या शेडमध्ये उभं राहिलात तर शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्या दणक्यात आण्णा दारातून आत येता येता सांगायचे, अमक्या नंबरचा धोटा आपटतोय, बघा. धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा मागाचा भाग. आणि तो आपटत असायचा. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, कॉम्प्युटर म्हणजे काय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पण मी रोज संध्याकाळी त्या टेपपाशी रडकुंडीला आलेला त्यांना बघवेना.

एका रात्री ते शेजारी येऊन बसले. “जॅक काड. आवाज ऐकू दे.” जॅक काढला की टेपच्या स्पीकरमधून ती खरखर मोठ्याने यायची. त्यांनी आधी विकतची कॅसेट ऐकली, मग कॉपीची, मग पुन्हा विकतची. डोळे मिटून. आई आतून ओरडली, ते कर्कश काय लावलंय. आण्णा म्हणाले, “ह्यो दबल्याला हाय. त्यो उघडा हाय.” मला दोन्ही आवाज सारखेच वाटत होते.

टेपरेकॉर्डरमध्ये हेडच्या, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाच्या, बाजूला एक बारीक स्क्रू असतो, खाली स्प्रिंग असलेला. तो फिरवला की हेड केसभर तिरकं होतं. ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याच्या हेडचा कल आणि आपल्या हेडचा कल जुळला नाही, तर वरचे बारीक आवाज मरतात. गाणं ऐकताना ते कोणाच्या लक्षातही येत नाही, पण स्पेक्ट्रमला आखूड लाट आणि लांब लाट यातला फरक कळेनासा होतो. हे शास्त्र आण्णांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी घड्याळजीचा स्क्रूड्रायव्हर आणला, टेप चालू ठेवला आणि स्क्रू इकडे फिरवला, आवाज आणखी दबला. तिकडे फिरवला, आवाज एकदम उघडला. तेव्हा मलाही फरक ऐकू आला. जाड घोंगडं काढून घेतल्यासारखा आवाज झाला. “आता बग.”

लागला. पहिल्याच दमात.

त्या दिवसापासून प्रत्येक कॅसेटच्या कागदावर आण्णांची खूण असायची. कुणाला डावीकडे पाव फेरा, कुणाला उजवीकडे अर्धा. गल्लीत पुढे आणखी एक स्पेक्ट्रम आला, तर ती मुलं कॅसेट घेऊन आण्णांकडे यायची, सायकलचं पंक्चर काढून घ्यायला यावं तशी.

आता खेळ. खूप होते, पण मनापासून सांगायचं तर एकच, ‘मॅनिक मायनर’. मायनर विली नावाचा एक छोटा खाणकामगार, वीस गुहा, आणि प्रत्येक गुहेतल्या सगळ्या किल्ल्या गोळा करून दरवाजा गाठायचा. खाली हवेची पट्टी हळूहळू संपत जाते. पायाखालच्या काही फळ्या चालता चालता झिजतात. उडी एकदा मारली की हवेत दिशा बदलता येत नाही, म्हणून उडी मारण्याआधीच सगळा विचार झालेला हवा. अर्धा पाऊल चुकलं तरी मेलात. तीन जीव संपले की वरून एक मोठा बूट येऊन विलीला चिरडतो. मला तो बूट आजही डोळे मिटले की दिसतो.

हा खेळ १९८३ मध्ये मॅथ्यू स्मिथ नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने एकट्याने लिहिला. एकट्याने, काही आठवड्यांत, आणि ४८ केमध्ये. आज व्हॉट्सॲपवर येणारा सकाळचा एक फुलाचा फोटो याहून मोठा असतो. हे मला तेव्हा माहीत असतं तर मी काय केलं असतं कोण जाणे. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो आणि मला वाटायचं की असे खेळ विलायतेत मोठमोठ्या कारखान्यांत बनत असतील, आमच्याकडे कापड बनतं तसे.

गुहांची इंग्रजी नावं आम्हाला पाठ होती. सेंट्रल कॅव्हर्न, द कोल्ड रूम, द मेनॅजरी. मेनॅजरीचा अर्थ शाळेच्या डिक्शनरीत शोधून काढला होता. मी पाचव्या गुहेपाशी, युजीन्स लेअरला, कायम अडकायचो. ताई मात्र आठव्या गुहेतल्या काँग बीस्टपर्यंत जायची. तिची पद्धत वेगळी होती. ती आधी दोन मिनिटं नुसती बघत बसायची, कोण किती पावलं जाऊन परत फिरतं ते बोटांवर मोजायची आणि मगच हलायची. मी घाई करायचो. पुढे ती शिवणकामाच्या क्लासला जायला लागली, मग तिचं लग्न झालं, आणि आठवी गुहा कोणी ओलांडलीच नाही.

६०३१७६९ हा आकडा खेळाच्या पहिल्या आवृत्तीत टाइप केला की हव्या त्या गुहेत जाता यायचं, हे मला पंचवीस वर्षांनी समजलं. मी ताईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, बरं झालं तेव्हा माहीत नव्हतं.

रंगांचं एक सांगायचं राहिलं. आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे सव्वा वर्ष आम्ही करड्या रंगातच खेळलो. खेळ लागताना आधी चित्र यायचं तेही मजेशीर पद्धतीने. पडद्याचे तीन भाग एकामागून एक भरायचे, रेघा सलग नाही तर सात सोडून एक अशा, आणि सगळं चित्र झालं की शेवटच्या काही सेकंदांत वरपासून खालपर्यंत रंग चढत जायचा. आमच्याकडे नुसता करडा गडद व्हायचा. ते रंगच आहेत हे मला ठाऊक नव्हतं, मला वाटायचं चित्र वाळतंय. मग एकदा कारखान्याच्या शेठनी आण्णांना म्हटलं, पोराला घेऊन या, आमच्या पोरांना दाखवा. त्यांच्याकडे रंगीत टीव्ही होता. टेप, स्पेक्ट्रम, स्क्रूड्रायव्हर सगळं पिशवीत घालून गेलो. सेंट्रल कॅव्हर्न उघडली आणि फळ्या लालभडक, सरकता पट्टा हिरवा, किल्ल्या रंग बदलत चमकतायत. मी पहिला जीव तिथेच घालवला, खेळायचं विसरून बघत राहिलो म्हणून.

परत आल्यावर आमच्या टीव्हीवर तो खेळ मला महिनाभर बघवला नाही. टीव्हीवर तसाही हक्क रोज मिळायचा नाही. रविवारी सकाळी रामायण असायचं, तेव्हा शेजारपाजारचे वीस-पंचवीस लोक आमच्याच खोलीत बसायचे आणि स्पेक्ट्रम कपाटावर जायचा. शिवाय व्होल्टेज. जेवणाच्या सुट्टीनंतर आजूबाजूचे सगळे माग एकदम सुरू झाले की दिवा क्षणभर मंद व्हायचा. दिव्याला काही होत नसे, पण स्पेक्ट्रमच्या मेमरीतलं सगळं पुसलं जायचं. विली, किल्ल्या, पाच मिनिटांचं थांबणं, सगळं जाऊन पुन्हा तीच ओळ, सिंक्लेअर रिसर्च, १९८२. म्हणून खरा खेळ मागांच्या सुट्टीच्या दिवशी. त्या दिवशी गाव इतकं शांत असायचं की टेपची खरखर कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत जायची.

आता जे मला सगळ्यात जवळचं आहे ते सांगतो, आणि तो खेळ नाही.

स्पेक्ट्रममध्ये आपली स्वतःची अक्षरं बनवता यायची, २१. प्रत्येक अक्षर म्हणजे आठ बाय आठ घरांचा चौकोन. एकेका ओळीसाठी बिन हा शब्द आणि पुढे आठ आकडे. भरलेलं घर म्हणजे एक, रिकामं घर म्हणजे शून्य. मी पुस्तकात बघून गावाचं नाव बनवत होतो. इचलकरंजी म्हणजे सहा अक्षरं, अनुस्वार आणि वेलांटीसकट त्या चौकोनात कोंबायची. रं तर काही केल्या बसत नव्हता. चौकटीचा कागद घेऊन घरं काळी करत होतो. आण्णा मागून बघत उभे होते.

“हे तर डॉबीचं काम हाय.”

डॉबी म्हणजे मागावर नक्षी काढणारं यंत्र. त्याला लाकडी पट्ट्यांची साखळी असते, पट्टीला भोकं असतात, आणि ज्या भोकात खुंटी मारली तिथली फ्रेम उचलली जाते. खुंटी आहे किंवा नाही, तिसरं काही नाही. खुंट्यांची एक रांग म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. आण्णा आयुष्यभर चौकटीच्या कागदावरून खुंट्या मारत आले होते. त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि आठ ओळींचा एक बुट्टा दोन मिनिटांत काढला. मी शून्य-एक करून टाइप केला आणि फॉर-नेक्स्टचं चक्र लावून पडदाभर छापला. ३२ रकाने, २२ ओळी, ७०४ बुट्टे. पडदा कापडासारखा भरला.

ते किती वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तिसऱ्या वळीतली कडंची खुंटी काड.” काढली, पुन्हा चालवलं. जोड बरोबर बसला, एका बुट्ट्याची फांदी शेजारच्यात शिरली. मागावर ही चूक कळायला पट्ट्या भरून, उभ्या धाग्यांचा बीम लावून, वीतभर कापड निघेपर्यंत थांबावं लागायचं. इथे अर्ध्या मिनिटात दिसली.

त्यानंतर दीडेक वर्ष आमच्या घरी स्पेक्ट्रमच्या दोन पाळ्या होत्या. संध्याकाळी आम्ही, आणि जेवणं झाल्यावर आण्णा. ते आकडे सांगायचे, मी टाइप करायचो. “शून्य शून्य एक एक, एक एक शून्य शून्य. फुडं.” त्यातल्या एका नक्षीचं शेठनी नमुन्याला कापड काढलं. पुढे ते चाललं नाही, पण उरलेल्या तुकड्याचे आईने उशांचे अभ्रे शिवले. वीज गेली की नक्षी जायची, म्हणून ती टेपवर ठेवायची. कोऱ्या कॅसेटी महाग, म्हणून आईच्या भजनाच्या कॅसेटची दुसरी बाजू घेतली. वरच्या खाचेवर कागद चिकटवला की भरलेल्या कॅसेटवरही भरता येतं. आई आठवडाभर आमच्याशी धड बोलली नव्हती.

१९९० च्या सुमाराला यंत्र थकलं. बटणांखाली प्लास्टिकचा पातळ पडदा असतो, त्यावर छापलेल्या तारा. उन्हाळा, आणि आमच्याकडे हवेतच कापसाचं तूस. आधी बटणांची एक अख्खी रांग गेली, तिच्यात जे होता. जे नाही म्हणजे लोड नाही. मेकॅनिकने जोडून बघितलं, पण तो पडदा हातात पापडासारखा मोडायला लागला होता.

तुमचा शेवटचा प्रश्न, आज खेळता येतात का. येतात, आणि सहज. स्पेक्ट्रमचं रूप घेणारे एम्युलेटर फुकट मिळतात, मी फ्यूज नावाचा वापरतो. सिंक्लेअरचे कॉम्प्युटर १९८६ मध्ये अॅमस्ट्रॅडने विकत घेतले होते आणि त्या कंपनीने १९९९ मध्ये मूळ रॉम, म्हणजे यंत्रात कायमचा भरलेला प्रोग्राम, एम्युलेटरसोबत वाटायला मोकळीक दिली. त्यामुळे यंत्र मिळवणं अवघड नाही. खेळ एका क्षणात लागतो. मी मात्र सेटिंगमध्ये जाऊन टेपचा खरा वेग आणि खरा आवाज चालू करतो आणि चार-पाच मिनिटं थांबतो. विली त्यानंतर आला तरच मला तो विली वाटतो.

तुमच्याकडे स्वतःच्या जुन्या कॅसेटी असतील तर एक विनंती. त्या टाकू नका आणि लगेच चालवूही नका. आधी चालवायच्या यंत्राचं हेड आणि रबरी रोलर स्पिरिटने पुसा, कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मागे फिरवून सैल करा, मग कॉम्प्युटरला जोडून आवाज फाइलमध्ये भरून घ्या. एमपीथ्री करू नका, वेव्हच ठेवा. आणि हेडचा स्क्रू फिरवायला कचरू नका.

गेल्या वर्षी मी हे सगळं केलं. भजनाच्या कॅसेटची ती बाजूही भरून घेतली, तीनदा, आणि तिन्ही वेळा टेप लोडिंग एरर. आण्णा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत, कानाला यंत्र आहे. पलंगावर बसून ऐकत होते. मी टेप पुन्हा लावला तर त्यांनी यंत्र काढून ठेवलं आणि स्पीकरला कान लावला.

“दबल्याला हाय. डावीकडं घे.”

पाव फेरा डावीकडे. पट्टे नाचले, थांबले, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर ७०४ बुट्टे उभे राहिले. आण्णांनी चष्मा पुसून जवळ येऊन बघितलं, बोटाने ओळी मोजल्या. म्हणाले, पाचव्या वळीतली एक खुंटी चुकली हाय, तवाच सांगायचं राहिलं हुतं.

ती आम्ही त्याच रात्री काढली.